संशोधकाची जोखीम कोणी सोसायची?

कंपवाताने हातपाय ताठरलेल्या रुग्णाला आज ज्या औषधाने चालते-फिरते केले जाते, त्याचा इतिहास वैद्यकीय महाविद्यालये चालविणाऱ्यांनी एकदा नजरेखालून घालण्यासारखा आहे. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी रेसरपीन देऊन निश्चेष्ट केलेल्या सशांना डोपा हे द्रव्य टोचले आणि ते ससे पुन्हा हालचाल करू लागले. हे रेसरपीन म्हणजे आपल्याकडील सर्पगंधेच्या मुळीतले द्रव्य. १९६० साली व्हिएन्नामध्ये एरिंगर आणि होर्निकिएविच यांनी कंपवाताने दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन अत्यल्प असल्याचे दाखवून दिले. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवीत ती रुग्णांना पोटातून दिली, तेव्हा कुठे उपचार हाती आला. कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००० साली. सशांवरील प्रयोग चालू असताना त्याचे फळ काय, असे कोणी विचारले असते, तर खात्रीचे उत्तर कोणालाच देता आले नसते.

मेंदूविषयीच्या संशोधनाचा हा स्वभावच आहे. फळ अनिश्चित, आणि आलेच तर उशिरा. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा संशोधक नेमताना पहिला प्रश्न त्याच्या पदव्यांचा किंवा प्रसिद्ध निबंधांच्या संख्येचा नसतो. फळ हाती येईपर्यंतची वर्षे त्याने कोणाच्या भरवशावर काढायची, हा तो प्रश्न असतो. या प्रश्नाचे जे उत्तर संस्था देते, त्यावरच तिच्याकडे कोणत्या प्रकारची माणसे येणार हे ठरते.

अमेरिकेतील अनेक वैद्यकीय विद्यालयांनी याचे उत्तर फार सोयीस्कर दिले आहे. तेथील संशोधक प्राध्यापकाच्या वेतनाचा मोठा भाग, काही ठिकाणी तर जवळजवळ सर्वच भाग, त्याने स्वतः बाहेरून आणलेल्या अनुदानातून निघावा अशी अपेक्षा असते. विद्यालय त्याला आरंभी प्रयोगशाळेसाठी भरघोस रक्कम देते आणि दोन-चार वर्षांनंतर तुझे तू पाहा असे सांगते. अनुदानाचा ओघ वाढता असतो तोवर ही व्यवस्था झोकात चालते. १९९८ ते २००३ या काळात तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांची तरतूद सुमारे १३.६ अब्ज डॉलरांवरून २७ अब्ज डॉलरांपर्यंत, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाली. विद्यालयांनी नव्या इमारती उठविल्या आणि त्या भरण्यासाठी माणसे नेमली. पुढे तरतूद थबकली. महागाईचा विचार करता ती घटलीच. पूर्वी शंभरातील सुमारे तीस अर्ज मंजूर होत. २०१३ पर्यंत ते प्रमाण विसाच्याही खाली आले. स्वतंत्र संशोधनाचे पहिले मोठे अनुदान हाती पडते तेव्हा संशोधकाने बहुधा चाळिशी ओलांडलेली असते. मेंदूच्या संशोधनासाठी २०१३ साली मोठा गाजावाजा करून जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्याची तरतूद २०२३ मध्ये ६८ कोटी डॉलर होती; २०२४ मध्ये ती ४० कोटींच्या आसपास आली. २०२५ च्या फेब्रुवारीत संस्थांना मिळणारा अप्रत्यक्ष खर्चाचा वाटा १५ टक्क्यांवर गोठविण्याची घोषणा झाली. न्यायालयाने तिला अटकाव केला. पण ज्याचे वेतनच अनुदानावर लटकलेले आहे त्याची झोप त्यामुळे परत आली असेल असे नाही.

या व्यवस्थेचा निवाडा एका उदाहरणाने होतो. हंगेरीतून अमेरिकेत गेलेल्या कातालिन कारिको १९८९ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात संदेशवाहक आरएनएवर काम करीत होत्या. त्यांच्या अर्जांना अनुदान मिळेना. १९९५ मध्ये त्यांची पदावनती झाली. पुढे त्याच विद्यालयाच्या मज्जाशल्यचिकित्सा विभागाने त्यांना आसरा दिला. ड्रू वाइसमन यांच्यासमवेत त्यांनी ज्या शोधाचा पाया घातला त्यावर कोविडच्या लसी उभ्या राहिल्या आणि २०२३ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. बाईंनी चिकाटी सोडली नाही म्हणून ही कथा सुखान्त झाली. ज्यांनी नाइलाजाने दुसरी वाट धरली त्यांची गणती कोणत्याच दप्तरात नाही.

स्पर्धेमुळे गुणवत्ता वर येते, असे यावर म्हटले जाते. काही अंशी ते खरेही आहे. परंतु आयुर्विम्याचा हप्ता भरणाऱ्या कोणाही कारकुनाला एक तत्त्व ठाऊक असते: एकट्याला न पेलणारी जोखीम अनेकांमध्ये वाटली की ती पेलण्याजोगी होते. वीस संशोधक पोसणाऱ्या संस्थेला त्यांपैकी पंधरांचे प्रयोग फसले तरी चालते. ज्याचा प्रयोग फसतो त्याचे घर मात्र एकच असते. जोखीम समर्थाकडून काढून दुर्बलाच्या माथी मारली, की दुर्बल शहाणा होतो. तो ज्याचे उत्तर आधीच अर्धे ठाऊक आहे असा प्रश्न निवडतो. संस्थेला निबंध मिळतात, शोध मिळत नाहीत.

मग आपल्याकडे, जेथे सरकारी नोकरीतील वेतनाची हमी असते, तेथे तरी चित्र उजळ असावयास हवे होते. ते तसे नाही, आणि याचे कारण नेमके उलटे आहे. येथे कायम पदावरील अध्यापकाच्या वेतनाला धोका नाही; पण त्याच्या वेळापत्रकात संशोधनाला जागाही नाही. विभागात अमुक विद्यार्थ्यांमागे अमुक अध्यापक हवेत, हे नियम सांगतात. तपासणीच्या दिवशी डोकी मोजली जातात. आता तर हजेरीही यंत्र घेते. त्या अध्यापकाला प्रयोगशाळा आहे काय आणि तेथे बसावयास आठवड्यातून दोन दिवस तरी मोकळे आहेत काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

पूर्वी हे विचारले गेले होते. उंदराच्या मेंदूतील भुकेचे केंद्र जॉन ब्रोबेक यांच्यासह १९५१ मध्ये येल येथे दाखवून देणारे बी. के. आनंद यांना, १९५६ मध्ये स्थापन झालेल्या दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभारण्यास बोलावण्यात आले. मज्जाविकारतज्ज्ञ बलदेव सिंग यांची जोड मिळाली आणि तो विभाग नावारूपाला आला. मुंबईत डॉ. नोशिर वाडिया यांनी डोळ्यांची हालचाल मंदावणारा एक आनुवंशिक मेंदूविकार १९७१ मध्ये स्वामी यांच्यासह जगापुढे मांडला. त्याचे मूळ रुग्णांच्या कुटुंबांच्या बारकाईने केलेल्या तपासणीत होते. रुग्णांच्या रांगेमुळे संशोधन होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ती रांग हेच संशोधनाचे भांडवल आहे. ते वापरण्यास सवड आणि साथीदार हवेत.

साथीदारांची कथा मुंबईनेच सांगावी. १९६२ मध्ये होमी भाभा यांनी ओबेद सिद्दिकी यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले, ते एखादे रिकामे पद भरण्यासाठी नव्हे, रेण्वीय जीवशास्त्राचा नवा विभागच उभारण्यासाठी. पुढे सिद्दिकींनी सीमोर बेंझर यांच्यासह उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांवर काम केले आणि मज्जातंतूंच्या अभ्यासाची एक परंपरा कुलाब्यात रुजली. मेंदूचे रुग्ण मात्र परळला आणि भायखळ्याला. एकाच शहरात ज्ञान एका टोकाला आणि व्याधी दुसऱ्या टोकाला, अशी ही वाटणी झाली. त्यातच २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र या विभागांत एम. एस्सी., पीएच. डी. असलेल्या अध्यापकांची मर्यादा ३० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली आणि औषधशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र या विभागांची दारे त्यांना बंदच केली. २०२५ च्या नियमांनी ती दारे पुन्हा उघडली, हे उचित झाले. परंतु आज बंद, उद्या उघडे अशा दारावर विसंबून कोणता तरुण दहा वर्षांचे काम अंगावर घेईल?

तेव्हा करावयाचे ते फार खर्चाचे नाही. राज्यातील दोन-तीन जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांत, अध्यापकांच्या नियमित संख्येखेरीज, मेंदूच्या संशोधनासाठी प्रत्येकी चार-पाच पदे निर्माण करावीत. एकटा संशोधक सुकून जातो, म्हणून ती एकाच वेळी भरावीत. डॉक्टर आणि पीएच. डी. दोघांनाही ती खुली असावीत व वेतनश्रेणी एकच असावी. वेतन संस्थेच्या तिजोरीतून मिळावे. अनुदान यंत्रसामग्रीसाठी मागावे, चुलीसाठी नव्हे. आठवड्याचे निम्मे दिवस वेळापत्रकातच संशोधनाचे म्हणून लिहिलेले असावेत. कुलाब्यासारख्या संस्थेशी संयुक्त नेमणुका व्हाव्यात. सुरक्षिततेमुळे आळस येईल अशी ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी सातव्या वर्षी बाहेरच्या जाणकारांकडून कामाची कठोर पारख व्हावी. ती पारख करताना निबंध मोजू नयेत, वाचावेत.

अध्यापकांचीच टंचाई असताना ही चैन कशाला, हा आक्षेप वरकरणी सयुक्तिक वाटतो. पण विद्यार्थ्याला मेंदूची रचना पुस्तकातून शिकविणारे पुष्कळ मिळतील. पुस्तकात काय चुकले आहे हे दाखविणारा एखादा तरी त्याला भेटला पाहिजे. तो भेटत नाही म्हणून बुद्धिमान विद्यार्थी परदेशाची वाट धरतो आणि तेथे अनुदानाच्या टांगत्या तलवारीखाली उमेदीची वर्षे काढतो. घरी हमी आहे पण काम नाही, परक्या देशी काम आहे पण हमी नाही, अशा पेचात त्याला टाकून त्याच्या देशप्रेमाविषयी तक्रार करण्याचा अधिकार कोणाला राहत नाही. जोखीम उचलण्याची ऐपत संस्थेची आणि शासनाची आहे. ती त्यांनी उचलली, तर माणसे मिळतील.