रसिकांचा हक्क कोठवर?

ज्या जागेवरून एरवी राज्यकारभार, महागाई आणि निवडणुका यांचा परामर्श घ्यावयाचा, त्या जागेवर आज आम्ही एका गाण्याचा विचार करणार आहोत. आणि तेही एका परदेशी रॉक बँडच्या गाण्याचा! आमच्या काही जुन्या वाचकांच्या कपाळाला यामुळे आठ्या पडतील हे आम्ही जाणतो. परंतु त्या गाण्यावरून जो वाद माजला, त्याच्या बुडाशी असलेला प्रश्न केवळ गाण्याचा नाही. कलावंताला ज्यांनी मोठे केले, त्या रसिकांचा त्याच्यावर हक्क तरी किती, हा तो प्रश्न होय. संगीताइतकाच तो साहित्याला, रंगभूमीला आणि खरे म्हणजे सार्वजनिक जीवनाच्या प्रत्येक क्षेत्राला लागू आहे.

‘म्यूज’ हा इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील तिघा मित्रांचा बँड. कर्कश म्हणावा इतका प्रखर गिटार, उंच स्वरात चढत जाणारा गळा आणि अंगावर कोसळणारा ताल यांसाठी त्याची ख्याती झाली. जुलै २००९ मध्ये या बँडने ‘युनायटेड स्टेट्स ऑफ युरेशिया’ हे गाणे श्रोत्यांपुढे ठेवले. ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीतील महासत्तांची छाया त्यावर आहे. प्रारंभी एकटा पियानो, मग एकदम उसळणारे सामुदायिक स्वर, मध्येच पौर्वात्य वळणाची तंतुवाद्ये, आणि सारा कल्लोळ ओसरल्यावर शोपँचे एक नॉक्टर्न! १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि पियानो शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाची ही निशाकालीन रचना मॅथ्यू बेलमी याने तंतुवाद्यांची साथ देऊन आपल्या गाण्याच्या शेवटी बसविली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘द रेझिस्टन्स’ या संग्रहात हे गाणे समाविष्ट झाले आणि त्या संग्रहाची अखेर तर तीन भागांच्या एका सिंफनीने करण्यात आली.

चाहत्यांत तत्काळ दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, हा आमचा बँडच नव्हे. यात ‘क्वीन’ची उसनवारी आहे, थाटमाट आहे, पण जुनी धग नाही. दुसरा तट म्हणाला की, आजवर जे सूचित होते ते आता पूर्ण उमलले. रॉक संगीताने आपली उंची वाढविली. दोन्ही पक्ष इतक्या आवेशाने बोलत होते की, मूळ गाणे शांतपणे दुसऱ्यांदा ऐकावयास कोणास सवड उरली असेल काय, अशी शंका यावी.

पहिल्या पक्षाचे काही म्हणणे खरे आहे. त्या सामुदायिक स्वरांत ‘क्वीन’चा ठसा इतका स्पष्ट आहे की तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘क्वीन’ तरी काय करीत होती? १९७५ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या सुमारे सहा मिनिटांच्या गाण्याच्या मध्यभागी तिने ऑपेराचा मोठा तुकडा बसविला. इतके लांब गाणे रेडिओवर कोण लावणार, असे तेव्हाही विचारले गेले. आणि तेच गाणे ब्रिटनमध्ये नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. ते रचणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांजिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारुख बलसारा, याच्या शालेय जीवनाचा मोठा काळ आपल्या पाचगणीत गेला, आणि शाळेतील मित्रांच्या बँडमध्ये तो पियानो वाजवीत असे, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. तात्पर्य, ज्या जुन्या गोष्टीच्या नावाने नव्यावर खटला भरावयाचा, ती जुनी गोष्ट आपल्या काळी तितकीच नवी आणि तितकीच उसनी होती.

आणि ‘बँड बदलला’ ही तक्रार तरी कितपत टिकते? २००१ आणि २००३ मधील म्यूजच्या संग्रहांतही राख्मानिनोव्हच्या वळणाचा पियानो ठायी ठायी आहे. तेव्हा तो कोणाला खुपला नाही. कारण तो गिटारच्या आड होता. पाहुणा जोवर ओसरीवर बसला होता तोवर त्याचे कौतुक झाले; तो माजघरात आला तेव्हा घरच्यांना परकेपण वाटू लागले.

शास्त्रीय संगीताकडे वळणे हाच काय तो अपराध, असेही समजू नये. १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेवरचा गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतून हुर्यो उठली. पुढच्या वर्षी मँचेस्टरमध्ये एकाने त्याला भर कार्यक्रमात ‘जूडास’ म्हणून संबोधिले. तेथे प्रवास उलट दिशेचा होता, संताप मात्र हाच होता. म्हणजे श्रोत्याला डाचते ते शास्त्रीय वा विद्युत् संगीत नव्हे. डाचते ते कलावंताचे निघून जाणे. आपल्या अठराव्या वर्षी जे गाणे आपण उराशी धरले, त्यात आपले अठरावे वर्षही जपलेले असते. कलावंताने कूस बदलली की ते वर्षच कोणी हिरावून नेले असे वाटते. ही वेदना खोटी नाही आणि तिची टवाळी करणे आम्हांस शोभणार नाही. पण वेदना खरी असली म्हणजे तिच्यावरून काढलेला निवाडाही खरा असतो, असे मात्र नव्हे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. येथे आम्हांस आपल्याच वर्गाचे कान धरावे लागतात. रॉकचे नाव काढताच नाक मुरडणारा सुशिक्षित गृहस्थ त्यात शोपँ आहे असे कळताच मान डोलवू लागतो आणि मुलाला म्हणतो, “हे मात्र बरे आहे हो तुमचे!” हे रसिकत्व नव्हे, ही प्रमाणपत्र देण्याची खोड आहे. जणू काही शोपँच्या स्पर्शाने गाणे पावन झाले, त्याआधी ते अस्पृश्यच होते! ज्या मुलाने ते गाणे स्वतःच्या कानाने पारखून घेतले, त्याच्या आवडीचा याहून मोठा अपमान कोणता? थोर पूर्वजाचे नाव घेतल्याने वंशज थोर होत नाही, आणि शास्त्रीय रचना जोडल्याने गाणे मोठे होत नाही. कित्येकदा ती भरजरी शालीसारखी नुसती खांद्यावर राहते.

मग कसोटी कोणती? आमच्या मते ती साधी आहे. उसना घेतलेला स्वर काढून टाकला तर गाणे अपुरे होते काय? होत असेल तर तो उसना राहिला नाही. म्यूजच्या या गाण्याला ही कसोटी लावून पाहावी. त्याच्या अखेरच्या भागाला ‘कोलॅटरल डॅमेज’ असे नाव दिले आहे. युद्धात जे निरपराध नागरिक मारले जातात, त्यांच्या मृत्यूची सरकारी कागदपत्रांत याच थंड शब्दांनी वासलात लावली जाते. पियानोवर शोपँची ती शांत, अंगाईसारखी रचना चालू असते. तिच्या मागे खेळणाऱ्या मुलांचे आवाज ऐकू येतात. आणि अखेरीस एका जेट विमानाची घरघर वाढत वाढत सारे झाकून टाकते. साम्राज्यांच्या आरोळ्यांनंतर ही मुले, आणि मुलांनंतर ते विमान! येथे शोपँ शोभेसाठी आलेला नाही. त्याच्या जागी दुसरे काही बसविता येईल असे आम्हांस वाटत नाही. गाण्याच्या मधल्या भागाबद्दल आमचे मत इतके अनुकूल नाही. तेथे थाट अर्थाच्या पुढे धावतो. परंतु शेवटासाठी हे गाणे ऐकावे, असे आम्ही निःसंकोच सांगू.

मराठी रसिकाला तर हा वाद परका वाटू नये. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना भास्करबुवा बखले यांनी रागदारीच्या चाली दिल्या, आणि बालगंधर्वांच्या मुखातून त्या घरोघर गेल्या. पुढे नाटकांची मैफल झाली अशी कुरकुर कित्येकांनी केली आणि ती सर्वस्वी निराधारही नव्हती. पण ज्यांनी कधी गवयाची बैठक पाहिली नव्हती, त्यांच्या कानांवर राग पडले ते या पदांमुळेच. कुरकुर विरली, पदे राहिली.

तेव्हा रसिकांचा हक्क कोठवर? नापसंती व्यक्त करण्याचा हक्क त्यांना आहे, आणि तो निरपवाद आहे. तिकीट न काढण्याचा, गाणे मध्येच बंद करण्याचा हक्कही आहे. पण ‘तू जेथे होतास तेथेच राहा’ असे फर्माविण्याचा हक्क नाही. कारण त्या पहिल्या ठिकाणी तो आला तोही कोणाला तरी सोडूनच आला होता. आज गाणे जगभर पोहोचावयास काही क्षण लागतात आणि त्यावरचा निकाल त्याहून लवकर लागतो. अशा वेळी एक गोष्ट स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

१९६९ च्या सप्टेंबरमध्ये ‘डीप पर्पल’ या रॉक बँडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मनिक वाद्यवृंदासह जॉन लॉर्ड याची एक मोठी रचना सादर केली. खुद्द बँडमधील काहींनाही हा मार्ग रुचला नाही आणि पुढल्याच वर्षी बँड आपल्या दणदणीत वाटेवर परतला. त्या रचनेची स्वरलिपी मागाहून गहाळ झाली. तेव्हा हॉलंडमधील एका संगीतकार चाहत्याने जुने ध्वनिमुद्रण पुनःपुन्हा ऐकून ती स्वरलिपी नव्याने लिहून काढली. लॉर्डच्या साहाय्याने ती पुरी झाली, आणि १९९९ मध्ये त्याच सभागृहात तीस वर्षांनी ते स्वर पुन्हा घुमले. कलावंतावर कोणा चाहत्याचा हक्क पोहोचत असेल, तर तो अशा चाहत्याचा. कारण त्याने आधी ऐकले होते.