आभासी रुग्ण आणि सुश्रुताची योग्या

परिचर्येच्या विद्यार्थ्यांना संगणकावरील आभासी रुग्णाच्या साहाय्याने शिकविण्याची पद्धत रूढ होत आहे. पडद्यावरील रुग्ण तक्रार सांगतो, प्रश्नांस उत्तर देतो. निर्णय चुकल्यास त्याची प्रकृती खालावते, पण जीव कोणाचा जात नाही. वैद्यांना ही कल्पना नवी वाटू नये. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात छेदनाचा सराव कोहळा-काकडीवर, सिरावेधाचा कमलनालावर व बंधनाचा पुस्तमय पुरुषावर करावयास सांगितला आहे. बहुश्रुत असूनही योग्या न केलेला कर्मास अपात्रच, असा त्याचा आशय आहे.

सिंदेवाहीसारख्या धानपट्ट्यात याचे मोल विशेष. पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्यास मण्यार डसतो; पुष्कळदा खूण नसते, सूज नसते. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, पुढे श्वास अडतो. असा रुग्ण प्रशिक्षणकाळात भेटेलच असे नाही. पडद्यावर तो दहा वेळा भेटू शकतो. प्रत्यक्ष रुग्ण हाच पहिला धडा ठरू नये. मात्र हा आभासी रुग्ण झाडीबोलीत व गोंडीत बोलणारा हवा.

चरकाने परिचारकाचे चार गुण सांगितले : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच. पहिल्या दोहोंचा अभ्यास यंत्र करवील. अनुराग खाटेजवळच उपजतो. म्हणून पडद्यावरील तास ही रुग्णालयातील सेवेची पूर्वतयारी असावी, पर्याय नव्हे. आणि त्यासाठी येथील रुग्णवृत्ते लिहून देण्याचे काम आपण वैद्यांनीच पत्करावे, असे माझे नम्र मत आहे.