सातबाऱ्यावर नाव तुमचं, माती कोणाची?

आपल्यापैकी किती जणांच्या घरची गावाकडे जमीन आहे? हात वर करा बघू. आणि त्यातले किती जण ती स्वतः कसतात? बरेच हात खाली गेले असणार! कुणीतरी वाटेकरी अर्धेलीने करतो, सुगी झाली की दोन पोती धान्य आणि थोडे पैसे येतात, संपलं. आज त्या जमिनीबद्दलच बोलायचंय.

आधी पावसाचं बघू. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात काय झालं ते आपण टीव्हीवर पाहिलंच. नुसती पिकं नाही, नदीकाठची शेतं खरडून गेली. आता नदीच शेतात शिरली तर बांध काय करणार, हे खरं. पण दरवर्षी साध्या जोरदार सरीत उतारावरून जी माती ओघळीने जाते, तिची बातमी होत नाही. पीक गेलं तर पुढच्या हंगामात येतं. माती इंचभर व्हायला शेकडो वर्षं लागतात.

बरं, उपाय माहीत नाहीत असंही नाही. उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती, ताग-धैंचा गाडणं ही जुनीच कामं. काळ्या जमिनीसाठी हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने १९७० च्या दशकापासून रुंद वरंबा-सरीवर काम केलंय. जादा पाणी सरीतून निघून जातं, पावसाने ओढ दिली तर मुरलेला ओलावा कामी येतो. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीत तर कायमचे गादीवाफे करून नांगरणी आणि चिखलणीच बंद. आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजतात. (तिथे तणनाशक वापरतात आणि त्यावर आक्षेपही आहेत, पण तो वेगळा विषय.)

मग सगळे का करत नाहीत? "शेतकऱ्यांमध्ये जागृती नाही" हे आपलं ठरलेलं उत्तर. मला ते अजिबात पटत नाही.

समजा, तुम्हाला कुणी तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर घेतलं. पुढे ठेवतील की नाही, माहीत नाही. तुम्ही त्यांचा दहा वर्षं जुना कोड शनिवार-रविवार बसून साफ कराल? नाही ना! दिलेलं काम उरकाल आणि निघाल. वाटेकऱ्याचंही तेच. या वर्षी त्याने बांध घातला, हिरवळीचं खत गाडलं, तर त्याचं फळ दोन-चार वर्षांनी दिसणार. तोवर जमीन दुसऱ्याकडे गेली असेल. तो अडाणी नाही, त्याचा हिशोब चोख आहे.

आणि आपण दरवर्षी माणूस का बदलतो? कुळाच्या भीतीने. १९४८ चा कूळ कायदा, मग १९५७ चा कृषक दिन, "कसेल त्याची जमीन". पिढ्यान् पिढ्या राबलेल्यांना त्याने जमीन मिळाली, ते योग्यच झालं. पण मालकांच्या मनात धास्ती बसली ती आजतागायत, म्हणून सगळा व्यवहार तोंडी आणि वर्षापुरता. नीती आयोगाने २०१६ मध्ये एक नमुना कायदा सुचवला होता. मालकी मालकाकडेच सुरक्षित, आणि कसणाऱ्याने जमीन सुधारण्यावर केलेल्या खर्चातला न वसूल झालेला भाग मुदत संपताना त्याला परत. साधी, न्याय्य कल्पना आहे. पण जमीन हा राज्यांचा विषय, आणि आपण शहरातले लोक याबद्दल आमदाराला कधी विचारतो का?

असो. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. बी-खताचा खर्च निम्मा-निम्मा वाटला जातो, पण मातीचा खर्च कुणाच्याच खात्यात नसतो. तो मालकाने उचलावा, पूर्ण. बांधाची दुरुस्ती, तागाचं बियाणं, माती परीक्षण. ज्या वर्षी हिरवळीचं खत गाडल्याने एक पीक बुडेल, त्या वर्षी वाटा मागू नये. आणि माणूस चांगला असेल तर उगाच बदलू नये.

उपकार म्हणून नव्हे हं. वाटेकरी उद्या दुसरं शेत बघेल. माती वाहून गेली तर ती आपलीच जाणार आहे.

बघा पटतंय का.