चढ शेवटी असतो तेव्हा

हवाई बेटावरील किलाउएआ इकी विवराची पायवाट रमणीय खरी. ओहिया वृक्ष व दोन पुरुष उंच नेच्यांच्या अरण्यातून ती सुमारे १२० मीटर उतरते आणि १९५९ साली उसळलेल्या, आता थिजलेल्या लाव्हासरोवरावर येते. भेगांतून अजून वाफ निघते. जवळच ओहिया फुललेला. आपल्या माळव्याची काळी मातीही अशाच खडकाची! परंतु डोंगरात चढ आधी असतो, थकलेला मागे फिरतो. येथे चढ शेवटी. हृदयरुग्णास प्रवासाची अनुमती देताना आपण ‘किती चालता?’ एवढेच विचारतो, ‘चढ कोठे?’ हे विचारीत नाही, ही आपली उणीव होय. सोबतच्या सत्तरीतील स्नेह्यांनी तळाशी हौसेने छायाचित्रे काढली. परतताना मात्र ते दर वळणावर बसत होते आणि मी नाडी मोजत होतो.