बारांच्या पंगतीतली दोन पाने

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठांचे एक जुने क्रीडामंडळ २०२३ सालच्या उन्हाळ्यात मोडले. बारांच्या पंगतीतून दहाजण उठून गेले आणि दोन पाने तशीच मांडलेली राहिली. या परदेशी घडामोडीशी इंदूरकरांचा काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्यापैकी पुष्कळांची मुलेबाळे तिकडच्या विद्यापीठांत शिकतात हा एक संबंध झालाच. पण त्याहून जवळचा दुसरा आहे, तो पुढे सांगतो.

तिकडे महाविद्यालयीन खेळ म्हणजे स्नेहसंमेलनाआधीचे चार दिवसांचे सामने नव्हेत. शनिवारच्या फुटबॉलला हजारोंनी प्रेक्षक लोटतात आणि त्यांत गावातल्या तीन-तीन पिढ्या असतात. या खेळांसाठी शेजारपाजारची विद्यापीठे एकत्र येऊन मंडळ स्थापतात, त्यालाच तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. वर्षाचे बहुतेक सामने मंडळातल्या मंडळात होतात, दूरचित्रवाणीचे हक्क सर्वांच्या वतीने विकले जातात आणि आलेले उत्पन्न वाटून घेतले जाते. गाव लहान असो वा मोठे, मंडळात असला म्हणजे त्याला बरोबरीचा मान मिळतो, अशी ही मूळची रचना.

पॅसिफिक किनाऱ्यावरचे मंडळ १९१५ साली पोर्टलंड येथे चार विद्यापीठांनी स्थापले. आज मागे राहिलेल्या दोघांपैकी ऑरेगन स्टेट हे त्या मूळ चौघांतले. दुसरे, वॉशिंग्टन स्टेट, १९१७ साली आले. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याच्या प्रकरणांवरून १९५९ मध्ये ते मंडळ फुटले. पाच बड्यांनी वेगळी चूल मांडली आणि बाकीच्यांना दाराबाहेर ठेवले. वॉशिंग्टन स्टेटला १९६२ साली आत घेतले, ऑरेगनच्या दोन विद्यापीठांना १९६४ साली. आयडाहो विद्यापीठाला मात्र कोणी पुन्हा बोलावलेच नाही. त्याचे गाव वॉशिंग्टन स्टेटच्या पुलमनपासून अवघे बारा-तेरा किलोमीटर! शेजारी आत गेला, हा बाहेर राहिला. तेव्हा मागे ठेवण्याची ही रीत तिकडे नवी नाही. नवा आहे तो तिचा आवाका.

३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसच्या दोन्ही विद्यापीठांनी मध्य-अमेरिकेतील ‘बिग टेन’ मंडळात जाण्याचे जाहीर केले. पुढील वर्षी जुलैअखेर कोलोराडो गेले. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात पाचजण गेले; ऑरेगन व वॉशिंग्टन ‘बिग टेन’मध्ये, तर ॲरिझोनाची दोन आणि युटा ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये. सप्टेंबर उजाडताच स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांनी ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या मंडळाचा रस्ता धरला. पॅसिफिकच्या लाटा ऐकत वाढलेल्यांनी अटलांटिकचे सभासद व्हावे, यातला विनोद कोणालाही कळेल.

हे कशामुळे घडले? ‘बिग टेन’ने २०२२ साली दूरचित्रवाणी कंपन्यांशी सात वर्षांचा करार केला, तो सात अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचा असल्याचे सांगितले जाते. पॅसिफिक मंडळाला त्याच्या जवळपास जाणारा करार मिळेना. लॉस एंजेलिस म्हणजे लाखो घरे, लाखो पडदे. पुलमनची वस्ती तीस-पस्तीस हजारांची, कॉर्व्हॅलिसची साठ हजारांच्या घरातली. मोजमाप पडद्यांचे म्हटल्यावर निकाल आधीच लागलेला होता. खेळाचा यात प्रश्नच नव्हता. ऑरेगन स्टेटने बेसबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद २००६, २००७ आणि २०१८ असे तीनदा मिळवले आहे. २०२२ च्या फुटबॉल हंगामात दहा सामने जिंकले आणि त्यात शेजारच्या ऑरेगनलाही हरवले. हरलेला बड्यांच्या पंगतीला जाऊन बसला, जिंकणारा मागे राहिला.

जाणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. फुटबॉलच्या उत्पन्नावर पोहणे, नौकानयन, कुस्ती असे अनेक खेळ पोसले जातात. ते उत्पन्न आटले तर आधी हेच खेळ बंद पडतील, असे ते म्हणतात, आणि ते खोटे नाही. परंतु ज्यांच्या नावाने हा हिशेब मांडला, त्यांच्याच पायांना आता भिंगरी लागली आहे. लॉस एंजेलिसच्या व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींना मंडळातला सामना म्हणून न्यू जर्सीपर्यंत जावे लागते. अंतर जवळजवळ चार हजार किलोमीटर. फुटबॉलचा चमू वर्षातून मोजक्या वेळा प्रवास करतो; या मुलींचे सामने किती तरी अधिक. वर्ग केव्हा भरायचे, अभ्यास केव्हा करायचा?

मी गाणे शिकवणारा माणूस. मला यातले सर्वांत मोठे नुकसान वेगळेच दिसते. वर्षानुवर्षे एकाच तबलजीबरोबर बसलेल्या गायकाला त्याचे मन न बोलता कळते. खेळातला जुना प्रतिस्पर्धी हा असाच साथीदार असतो. ऑरेगन आणि ऑरेगन स्टेट यांचे फुटबॉलचे वैर १८९४ पासूनचे, दोन्ही वॉशिंग्टनांचे १९०० पासूनचे. अशी जोड पैसे मोजून दुसऱ्या प्रांतातून आणता येत नाही. दोन्ही वॉशिंग्टनांनी आपला सामना २०२८ पर्यंत चालू ठेवण्याचा करार केला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

मागे राहिलेले दोघे रडत बसले नाहीत. त्यांनी न्यायालयात जाऊन मंडळाचा कारभार व शिल्लक आपल्या हाती घेतली. मंडळाला आठ सभासद लागतात. ते जमवण्यास दोन वर्षांची मुदत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी ‘माउंटन वेस्ट’ या शेजारच्या लहान मंडळातून पाच विद्यापीठे फोडून घेतली. पुढे गोंझागा आणि टेक्सास स्टेटही आले, आणि १ जुलै २०२६ ही नव्या घडीची तारीख ठरली. त्यांच्या चिवटपणाचे कौतुक वाटते. पण त्या लहान मंडळात वायोमिंग, नेवाडा, न्यू मेक्सिको अशी जी विद्यापीठे राहिली, त्यांनी काय म्हणावे? सासूचा जाच सोसलेल्या सुनेने सासूपण हाती येताच तेच करावे, तसे हे झाले. दोष त्या दोघांचा थोडा, नियम नसलेल्या खेळाचा अधिक.

आता आपला संबंध. मी दरबारी गवयाच्या घरात वाढलो. संस्थान विलीन झाल्यावर ज्यांना आकाशवाणीने उचलले त्यांचे नाव राहिले. ज्यांना कोणी उचलले नाही त्यांची विद्या घरातच राहिली. गुण कमी म्हणून ते मागे पडले नव्हते. खेळात मात्र या नगराचे नशीब निराळे. कर्नल सी. के. नायडूंच्या होळकर संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा रणजी करंडकाचा अंतिम सामना गाठला आणि चार वेळा करंडक जिंकला. पुढे होळकर हे नाव गेले, मध्यभारत आला, मग मध्यप्रदेश. नाव गेले तरी पंगतीतले पान कोणी उचलले नाही, कारण रणजीतली जागा प्रदेशाची असते. प्रेक्षकसंख्या पाहून ती दिली जात नाही. म्हणूनच दीर्घकाळ थांबून का होईना, २६ जून २०२२ रोजी मध्यप्रदेशाने बंगळूरला मुंबईस हरवून प्रथमच करंडक आणला. लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे त्यानंतर चारच दिवसांनी घर सोडून निघाली. २०१८ साली तर याच स्पर्धेत नागालँड, मेघालय, अरुणाचल यांसह नऊ नवे संघ घेतले गेले. त्यातले काही डावाने हरतात. पण हरण्यासाठी तरी त्यांना जागा आहे, आणि खेळ सुधारतो तो हरत हरतच.

आपले सगळे चोख आहे, असे मी म्हणत नाही. आपल्याकडेही शहरांच्या नावाने संघ विकले जातात, आणि इंदूरला त्या बाजारात स्वतःचा संघ नाही. म्हणूनच जुन्या स्पर्धेतली ही जागा डोळ्यांत तेल घालून जपली पाहिजे. अमेरिकेतल्या विद्यापीठांनीही फुटबॉल हवा तर दूर न्यावा. बाकीचे खेळ शेजाऱ्यांशीच खेळावेत. पैशाला त्याने फारसा धक्का लागणार नाही आणि मुलांचे वर्ग बुडणार नाहीत. आणि ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी कधी भेटीस गेल्यावर सवड काढून कॉर्व्हॅलिस किंवा पुलमनचा एखादा सामना अवश्य पाहावा. होळकरांचा संघ ज्यांनी डोक्यावर घेतला होता, त्यांच्या नातवंडांना तिथल्या गर्दीत परके वाटणार नाही.