५६ दिवस थांबलो, मराठी नाहीच

'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' जपानात १८ जुलै २०२५ ला लागला. आपल्याकडे १२ सप्टेंबरला. मोजून ५६ दिवस! 'सुझुमे'ला तर पाच महिन्यांहून जास्त लागले होते. डबिंगला वेळ लागतो म्हणे. लागू दे की राव. पण आपण थांबलो कुठल्या भाषांसाठी? हिंदी, तमिळ, तेलुगू. क्रंचीरोलवरही तेच. मराठी डब सोडा, साधी सबटायटल्ससुद्धा नाहीत.

'मराठी लोकांना हिंदी कळतं' हे ठरलेलं उत्तर. कळतं हो. मग तमिळ माणसाला इंग्रजी कळत नाही का?

आणि जातं काय ते बघा. 'युवर नेम' (२०१६) मध्ये ताकीच्या शरीरात शिरलेली मित्सुहा त्याच्या मित्रांसमोर स्वतःला आधी 'वाताशी' म्हणते, मग 'वाताकुशी', मग 'बोकु', शेवटी 'ओरे'. तेव्हा कुठे मित्रांचं समाधान होतं. इंग्रजीत या सगळ्याला एकच 'आय', विनोद गेला बाराच्या भावात. मराठीत? 'मी रस्ता चुकले... चुकलो, चुकलो!' झालं काम. (हिंदीतही जमेल म्हणा, पण आम्ही घरी हिंदीत चुकत नाही.)

बरं, माणसं नाहीत म्हणावं तर चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना आहे, जेएलपीटीचं केंद्र पुण्यात आहे. जपानी शिकलेली मराठी पोरं निगडीच्या बसस्टॉपवरसुद्धा सापडतील. सबटायटल म्हणजे शेवटी एक टेक्स्ट फाइल हो! अ‍ॅपच्या यादीत आणखी एक भाषा. त्या पोरांना पैसे तेवढे मोजायला हवेत. आम्ही नाही दरमहा मोजत?