कालिकतला जा, पण फक्त माल पाहून परतू नका

व्यापारी बंधूंनो, 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि कालिकतचा फेरा सोपा झाला. परंतु आपले लोक मिठाई तेरुवूत भाव काढतात, हलव्याचे डबे बांधतात आणि रात्रीची गाडी धरतात. आम्हाला हे पटत नाही. ज्या शहरावरून सुती कापडाला ‘कॅलिको’ नाव पडले, तेथे कापडवाल्याने एक दिवस तरी जादा काढावा.

कुट्टिचिरा तळ्याकाठी मिश्काल मशीद आहे. नाखुदा मिश्काल या जहाजवाल्या सौदागराने बांधलेली. लाकडी, कौलारू, मिनार नाहीत. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी तिला आग लावली. 1571 साली सामुदिरी राजाने त्यांचा चालियमचा किल्ला पाडला, तेव्हा तेथील लाकूड या मशिदीच्या दुरुस्तीला लागले. हिंदू राजा आणि मुसलमान सौदागर यांचा व्यवहार असा होता!

मानांचिराजवळ बासेल मिशनने 1844 साली काढलेला हातमाग कारखाना मात्र 2009 मध्ये बंद पडला. सरकारने त्या आवारात निदान दहा माग चालवून दाखवावेत, ही आमची मागणी आहे. पाहुणा कापड पाहील, घेईलही.

वेळ उरल्यास बेपूरला लाकडी ‘उरू’ जहाजे पाहावीत. जून-जुलै टाळा, पाऊस आपल्या कोकणासारखाच, नमुन्याचे तागे भिजतात.